न फिरलेला फिरता करंडक

खंडेनवमीला आमच्या घरी पूजेत तीन हत्यारं असतात : बाबांचा पाना, आईची विळी आणि आज्ज्याचा हॉकीचा कप. पहिली दोन नुसती पुसली तरी चालतात. कप घासावा लागतो, आणि सातवीपासून तो मीच घासतोय.

कप फिरता आहे. जिंकणाऱ्यानं वर्षभर ठेवायचा आणि परत करायचा. आज्ज्याच्या टीमनं तो जिंकला, पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही, आणि परत कुणाकडं द्यायचा हे विचारायला आज्जा काही गेला नाही. तेव्हापासून कप आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या घरात, फडताळात. तो जागचा हलला नाही, बाकी सगळं फिरलं. आला तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला फडताळासकट म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला कर्नाटकात. २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हाही पोटात बटणं, रबरबँड आणि लाईटबिलं घेऊन बसलेलाच होता.

फायनलला कोण कोण खेळलं हे आज्जा सांगायचा तेव्हा टीम दर गणपतीला बदलायची. आमच्या बेळगावचे बंडू पाटील १९६४ ला टोकियोत ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेल्या संघात होते. तेव्हापासून गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आठवायला लागलं की त्यांना स्टिक धरायला आपणच शिकवलं. आज्जा त्यात पहिल्या रांगेत.

कपाच्या बुडाला चार इंग्रजी अक्षरं आहेत : ई.पी.एन.एस. आज्जा म्हणायचा, कप देणारा साहेब तो. आम्ही पोरं पूजेला त्या साहेबालाही हळदकुंकू लावायचो.

यंदा चिंच, रांगोळी आणि वर विभूती असं तासभर घासलं तर एका बाजूला पिवळट डाग उघडा पडला. आई म्हणाली, "अजून जोर लाव." लावला. डाग मोठा झाला. शेवटी पिशवीत घालून शहापुरातल्या एका सराफाकडं नेला.

त्यानं भिंग लावलं, नखानं टिचकी मारली.

"चांदी कुठली हो? निकेल सिल्व्हरवर मुलामा आहे. बुडालाच लिहिलंय की, इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर."

साहेब गेला. वर सराफानं हेही सांगितलं की निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नावातली चांदी औषधालाही नाही. खरी तेवढी वरच्या पापुद्र्यात. हवेतल्या गंधकानं तीच काळी पडते, आणि काळं घासून काढलं की थोडी चांदीही त्याबरोबर जाते. म्हणजे माझ्या हातानं आज्ज्याची चांदी दर खंडेनवमीला मोरीतून गटारात.

"पाऽर उतरवलासा की तुम्ही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं कौतुकही होतं.

नवा मुलामा देतो म्हणाला. पण अक्षरं झिजलीत, ती परत कोरावी लागतील. आज्ज्याच्या टीमचं नाव अर्धंच उरलंय, गावाच्या नावातलं फक्त 'बेळ' दिसतं. "पुढं काय कोरू? गाव का गावी?"

दुकानातली तिन्ही गिऱ्हाईकं एकदम बोलायला लागली. पंधरा मिनिटांनी दोघं उभी राहून बोलत होती. मी कप पिशवीत घातला आणि सटकलो.

घरी आईनं तो उजेडात धरून फिरवून पाहिला. सराफ म्हणाला ते सगळं मी तिला सांगितलं, गंधकासकट.

"असू दे," ती म्हणाली. "ही बाजू काळीच दिसत्येय बघ. जरा चिंच लाव."