बिग बॉस बघा, वकील व्हा

"लॉला आहेस आणि बिग बॉस बघत नाहीस? मग भांडायला कुठं शिकणार बाबा?"

काल रात्री सव्वादहाला घरमालक काकांनी मला विचारलं. मी फक्त "आवाज जरा कमी कराल का, सकाळी पेपर आहे" एवढंच सांगायला गेलो होतो. काकांनी रिमोट उचलला (त्यावरची दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी अजून निघालेली नाही, वर रबर आहे) आणि मला नीट ऐकू यावं म्हणून आवाज दोन पॉइंट वाढवला. बेळगावच्या वडगावात राहतो मी. गल्लीत माग आहेत, त्यांच्या खडखडाटात तान्ही पोरं झोपतात, मीही झोपतो. मागाला निदान ताल असतो.

तर भावी वकिलांनो, काकांचं ऐका. पुस्तकं रद्दीत घाला.

करार कायदा, १८७२. शार्क टँक बघा. समोरच्यानं आकडा सांगितला, आपण दुसरा सांगितला की पहिला प्रस्ताव मेला. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंचमध्ये हेच झालं: रेंचनं शेत हजार पौंडांना देऊ केलेलं, हाइडनं साडेनऊशे म्हटलं, नकार आल्यावर हजार कबूल केले, पण तोवर उशीर झालेला. आज सकाळी नेमकी हीच केस विचारली, आणि मला रेंचच्या जागी "माझा कप कुणी घेतला" म्हणून काल रात्री टीव्हीवर रडणाऱ्या बाईचंच नाव आठवत होतं.

टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीनं झालेल्या नुकसानीची भरपाई: मास्टरशेफ बघताना गाजलेल्या केसमधल्या डोनोह्यू बाईंच्या पेयाच्या बाटलीतली गोगलगाय आठवा.

नैसर्गिक न्याय: स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये. बिग बॉसच्या घरातला कॅप्टन बघा आणि उलटं लिहा.

राज्यघटना. घराबाहेर काढणं म्हणजे काय हे आम्हा बेळगावकरांना शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, ना नॉमिनेशन ना व्होटिंग. सीमावादाचा महाराष्ट्राचा कलम १३१ खालचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बिग बॉसकडे दिला असता तर शंभर दिवसांत निकाल, वर ट्रॉफी.

आता फौजदारी. डांबून ठेवणे, नव्या न्याय संहितेचं कलम १२७. पण ती मंडळी सही करून, पैसे घेऊन आत गेलीत. डांबलंय मला! भिंतीपलीकडे काकांचं मराठी घर, समोरच्या माडीवर कन्नड घर, आणि दोन्हीकडे एकाच वेळी कुणीतरी रडतंय. पाट्यांवरून, बसवरून एवढं रामायण होतं आमच्याकडे, आवाज वाढवण्यात मात्र दोन्ही भाषांची काय एकी! मी इंग्रजी पुस्तक वाचायचं, मराठीत समजून घ्यायचं, कन्नड परिपत्रक मित्राकडून वाचून घ्यायचं, पेपर परत इंग्रजीत लिहायचा, आणि या सगळ्यावर रात्री अकराला एक चहाचा कप! अर्धा तास तो एकच कप! एरवी पाऊस पडायच्या आधीच लाइट जाते, तेव्हा मात्र जाईल तर शपथ.

पुरावा: घरभर कॅमेरे, तरी "मी असं म्हणालेच नाही".

जाऊ दे. मस्करी पुरे झाली.

काका, रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल, नियम २००० सालचे आहेत. कुणाच्या दारात उशिरापर्यंत भजन चाललं की तुम्हीच पहिले बाहेर येऊन ओरडता. बिग बॉसच्या घरातल्या सगळ्यांची नावं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं तुम्हाला पाठ आहे. भिंतीपलीकडच्या पोराचा आज कुठला पेपर होता, एकदा तरी विचारलंत? भाडं मागायला एक तारखेला मी बरोबर आठवतो. आणि समोरच्या माडीवाल्यांनो, तुम्हालाही मराठी येतं, मला माहीत आहे, तेव्हा हे तुम्हीपण ऐका.

परवा फौजदारीचा पेपर आहे. दहाला टीव्ही बंद करा की ओ.