तहकुबी मी मागितली म्हणे!

घराच्या वाट्यासाठी भावावर लावलेला दावा मी वकिलाशिवाय, स्वतःच चालवतेय. त्याच्या रोजनाम्याची (कोर्टात त्या तारखेला काय झालं त्या नोंदीची) नक्कल हातात आली आणि डोक्यात तिडीकच गेली. 'उभय पक्षांच्या विनंतीवरून तहकूब.' उभय? मी कधी केली विनंती? मी तर उलटतपासाचे प्रश्न लिहून, फाइल मांडीवर घेऊन सकाळपासून बाकावर बसले होते. पुकारा झाला, भावाच्या वकिलांचा ज्युनियर उठला, "सर दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणाला, की पडली तारीख. मी तोंड उघडेपर्यंत पुढचं प्रकरण सुरू!

दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 17, नियम 1. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय, हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. एका पक्षाला तीनच तहकुब्या, हेही तिथेच. (2005 साली सुप्रीम कोर्टाने अपवादात्मक परिस्थितीपुरती त्यात ढील दिली. आमच्याकडे प्रत्येक तारखेला परिस्थिती अपवादात्मकच.) मी तापाने फणफणले होते तेव्हा मात्र माझ्यावर तहकुबीचा खर्च बसवला.

बरं, रोजनामा दुरुस्त करून घ्यायचा तर अर्ज द्या. त्याला कोर्ट फीचं तिकीट लावा. त्यावर समोरच्यांचं म्हणणं येऊ द्या. म्हणणं द्यायला त्यांना मुदत. म्हणजे न मागितलेली तारीख खोडायला मीच नवी तारीख ओढवून घ्यायची!

वर प्रत्येकाचा सल्ला, "ताई, वकील लावा ना." कशातून लावू? ज्या घराच्या भाड्यातून भाऊ वकिलाची फी भरतो, त्यातलाच वाटा तर मी मागतेय!

या सगळ्यात माझं काय झालंय बघा. मुलगा उशिरा घरी आला तर मी त्याला "सबळ कारण दाखव" म्हणते. तोही कमी नाही, "लेखी उत्तराला 30 दिवस असतात" म्हणतो.

आणि ते नातेवाईक! "सख्ख्या भावावर दावा लावतेस?" 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा ठणकावून सांगितलं. पण यांचं एकच, "आपसात मिटवा." अहो, मिटवायचं म्हणजे मी सोडायचं, एवढंच ना? मग सरळ तसं म्हणा की!

कोर्टात कागद दाखल करून घेणाऱ्या फाइलिंगवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. आज समास कमी, उद्या पानांवर आकडे नाहीत, परवा अनुक्रमणिका. सगळ्या त्रुटी एकदाच सांगितल्या तर काय बिघडतं यांचं?