पॅनलच्या पोटातली बॅटरी

आमच्या गोव्यातल्या साखळी-डिचोलीच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'सोलर पॅनलच्या पोटातच बॅटरी असलेलं नवं यंत्र आलंय. इन्व्हर्टर नको, वायरी नकोत, वीज अजिबात वाया जात नाही. कौलांवर ठेवा, पावसात लाइन गेली तरी फ्रीज चालू!' चवथीला घर भरलेलं असणार म्हणून शेजारच्या काकांनी बुकिंगचे पैसेही काढून ठेवलेत.

नवं काही नाही. प्रकाशातून वीज करून तिथेच साठवणारा सेल इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी १९७६ सालीच मांडला होता.

वीज वाया न जाण्याचं म्हणाल, तर हिशेब उलटाच येतो. छपरावरचं साधं पॅनल उन्हातली सुमारे २० टक्के ऊर्जा पकडतं. लिथियम बॅटरी घेतलेल्यातली ९० टक्क्यांहून जास्त परत देते. बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या मधल्या कंट्रोलरची गळती धरली तरी १७ टक्के पदरात पडतात. २०१५ मध्ये अमेरिकेत पेरोव्स्काइट नावाच्या, प्रकाशातून वीज करणाऱ्या पदार्थाचे चार सेल जोडून लिथियम बॅटरी थेट भरली, तेव्हा हाच आकडा ७.८ टक्के निघाला. (चार अशासाठी, की एका सेलचा दाब जेमतेम एक व्होल्ट, त्यावर बॅटरी भरत नाही.) २०२० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात २० टक्के गाठले, हे मान्य. पण ती द्रवावर चालणारी फ्लो बॅटरी. कौलांवर ठेवायची पाटी नव्हे.

खरी गोम उष्णतेत आहे. मे महिन्यात दुपारी पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं, आणि लिथियम बॅटरी सहसा ४५ च्या वर चार्ज करू नये म्हणतात. शिवाय पॅनल २५ वर्षं टिकतं, बॅटरी दहाएक. एकीसाठी दुसऱ्याला भंगारात घालायचं?

इन्व्हर्टरला तर सुट्टी नाहीच. पॅनल-बॅटरीची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; इन्व्हर्टरने तिची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी, केल्याशिवाय घरचा फ्रीज चालत नाही. तो दिवसाला साधारण एक युनिट खातो. ४०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दीड-दोन युनिट देईल, पण श्रावणातल्या दाट ढगांखाली त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी नशीब.

एकाच पेटीतले रस्त्यावरचे सोलर दिवे मात्र चालतात. दिवा थोड्या विजेत भागवतो, खांबावर वारा लागतो. काकांना म्हटलं, पॅनल कौलांवर चढवा, बॅटरी पडवीत सावलीला ठेवा. ते विचारतात, मग वायर किती मीटर लागेल?