संक्रांतीपर्यंत झोपा म्हणे!

आबांनी रंकाळ्यावर जायचं बंद केलंय, हे मला आठ दिवसांनी कळलं. पहाटे पाचला दाराची कडी वाजायची ती वाजेना, म्हणून आईला विचारलं. "ग्रुपवर आलंय म्हणं कायतरी. संक्रांतीपतूर अंगाला ताण द्यायचा न्हाई," ती म्हणाली. आबांचा मोबाईल मागून घेतला. वर 'प्रत्येकाने वाचावे असे', खाली जोडलेले हात, मधे सहा मुद्दे. पाठवणारे नाना त्यांच्याच फिरायच्या टोळीतले, म्हणजे अख्खी टोळीच कानटोपी घालून घरात बसलेली. आबा 68 वर्षांचे आहेत, साखरेची गोळी चालू आहे.

पहिला मुद्दा जसाच्या तसा देतो: 'हिवाळ्याच्या अंधाऱ्या महिन्यांत मानवी शरीर शीतनिद्रेत जाते, येणारा आळस नैसर्गिक असतो, त्याच्याशी लढू नये.' शीतनिद्रा बेडूक घेतो. आणि अंधारे महिने कुठले हो? कोल्हापुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, तोसुद्धा 11 तासांचा. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहानंतर मावळतो. जूनमधल्या मोठ्या दिवसाशी तुलना केली तर फरक जेमतेम दोन तासांचा. फिनलंडच्या हेलसिंकीत त्याच दिवशी सहा ताससुद्धा उजेड नसतो. तिकडे हिवाळ्यात माणसं खरंच खचतात. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 साली या ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, आणि त्यावर सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. आपल्याकडे नऊच्या उन्हात गच्चीवर पापड राखत बसलं तरी त्याहून जास्त उजेड डोळ्यांत जातो. आपल्याला हेलसिंकी माहीत आहे ती खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यपदकामुळं, आणि तेही भर जुलैत मिळालेलं. तिकडची थंडी उचलून रंकाळ्यावर आणून टाकायचं कारण काय?

पांघरूण सुटत नाही, हे मात्र मान्य. माझंही सुटत नाही. पण त्याला आळस म्हणतात.

दुसऱ्या मुद्द्यानं माझं डोकं फिरलं. 'आयुर्वेदानुसार हेमंत ऋतूत व्यायाम वर्ज्य.' आबा डॉक्टरशी वाद घालतील, आयुर्वेद म्हटलं की गप्प बसतात. म्हणून वाग्भटाचं अष्टांगहृदयच काढलं. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दिनचर्येत, सरळ लिहिलंय की धडधाकट आणि तूप-तेल खाणाऱ्या माणसानं थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनं व्यायाम करावा, बाकीच्या ऋतूंत त्याहून हलका. म्हणजे थंडी हा व्यायाम वाढवायचा काळ! पुढच्या अध्यायात, ऋतुचर्येत, हेमंतात काय काय करायचं ते दिलंय. अंगाला तेल लावून मर्दन करा आणि जाणकारांबरोबर कुस्ती खेळा. होय, कुस्ती. आणि हे कुणाला शिकवायचं, तर कोल्हापूरकरांना? शाहू महाराजांनी 1912 ला खासबाग मैदान उभं केलं त्या गावाला? पहाटेच्या थंडीत कुठल्याही तालमीत डोकावून बघा. हौद्यातली तांबडी माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असते, पोरं जोर मारत असतात, आणि अंगातून वाफ निघत असते. त्यांच्या वस्तादाला हा मेसेज वाचून दाखवायची नानांची छाती आहे का, ते मला बघायचंय.

याचा तोटा काय झाला तेही सांगतो. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. तीन आठवडे बसून काढल्यावर आबांची उपाशीपोटीची साखर 118 वरून 146 वर गेली. गूळपोळ्या सुरूसुद्धा झाल्या नव्हत्या.

तिसरा मुद्दा हृदयाचा: 'थंडीत पहाटे चालल्याने झटका येतो.' इथं नाइलाजानं अर्धं मान्य करावं लागतं. गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि हार्ट अटॅकचं प्रमाण थंडीत आणि सकाळच्या वेळी जास्त असतं, हे खरं आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच, की पाचला अंधारात जाऊ नका, ऊन पडल्यावर जा, कान झाका, पहिली दहा मिनिटं रमतगमत चाला, बीपीची गोळी चुकवू नका. छातीत दाटल्यासारखं वाटलं तर थांबा आणि दवाखाना गाठा. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यात हिवाळ्याची सुट्टी नाही.

चौथा: 'सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हात बसून व्हिटॅमिन डी घ्या.' सहाला कोल्हापुरात ऊनच नसतं, जानेवारीत तर सूर्य सातनंतर उगवतो. आणि सूर्य कलता असताना ते फारसं तयारही होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं.

पाचवा, कोमट पाण्यातून चमचाभर ब्रँडी. ब्रँडीनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते, आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. आबांना हा एकच मुद्दा तोंडपाठ होता. सहावा, पाणी कमी प्या. यावर काय लिहायचं?

आबांना हे सगळं वाचून दाखवलं. वाग्भटाच्या कुस्तीपाशी ते जरा सरळ होऊन बसले. "मग पाचाला न्हाई, सव्वासातला जातो," म्हणाले. आदल्या रात्री बूट-मोजे दाराशी काढून ठेवायला लावले आणि नानांना फोन करून ठेवला, कारण खाली कुणी वाट बघत उभं असलं की आबांना नाही म्हणता येत नाही. सोमवारी दोघं गेले. पाऊण तासात येतील म्हणून आईनं चहा टाकला, तर आले दोन तासांनी, आबांच्या सदऱ्यावर मिसळीच्या कटाचा डाग घेऊन.