हॉर्न म्हणजे गुंडाळलेला ट्रंपेट नव्हे

गेल्या लगीनसराईपासून सोलापुरातल्या बँडवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. मला तो सात-आठ जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी खाली 'दादा, हे खरं का?' असंही विचारलं. मजकूर थोडक्यात असा: 'फ्रेंच हॉर्न म्हणजे फ्रान्समध्ये गुंडाळलेला ट्रंपेट. ट्रंपेटवाल्याला महिन्यात येतो. माउथपीस ट्रंपेटचाच चालतो. उजवा हात भोंग्यात घालतात तो नुसता वजन तोलायला. नोटेशनमध्ये अधिकचं चिन्ह आलं की जोरात वाजवा. वरचा सूर लागत नसेल तर ओठांवर दाब वाढवा. व्हॉल्व्हला खोबरेल तेल सोडा. उन्हाळ्यात पितळ वाढून सूर उतरतो, तेव्हा स्लाइड आत ढकला.' शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक कलाकारापर्यंत पोहोचवा'.

मी अकरा वर्षं वरातीत ट्रंपेट वाजवला आणि मग हॉर्नच्या नादी लागलो. या मेसेजमधल्या निम्म्या चुका मी स्वतः करून बसलोय, त्यामुळे लिहिणाऱ्यावर राग नाही. पण पोरं हे वाचून वाद्यं खराब करायला लागली, म्हणून लिहितो.

'फ्रेंच'चा मुद्दा एका दमात उरकतो. आज आपण जे वाद्य हातात धरतो, ते बरंचसं जर्मन हातांनी घडलंय. 1818 मध्ये प्रशियात व्हॉल्व्हचं, म्हणजे दाबला की वारा जास्तीच्या नळीतून वळवणाऱ्या कळीचं, पेटंट घेतलं ते श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी. दोन बाजूंचा 'डबल हॉर्न' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एरफुर्टच्या क्रुस्पे कारखान्यातून आला. जगभरच्या हॉर्नवाल्यांच्या संघटनेनं तर 1971 मध्येच सांगून टाकलं, की नुसतं 'हॉर्न' म्हणा.

आता 'गुंडाळलेला ट्रंपेट'. इथे टेप घेऊन बसा. ट्रंपेटची नळी सरळ केली तर साधारण दीड मीटर भरते. एफ पट्टीतल्या साध्या हॉर्नची भरते जवळजवळ 3.7 मीटर, म्हणजे अडीच पट. हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

एकही व्हॉल्व्ह न दाबता नळी फुंकली की तिच्यातून ठरावीकच सूर निघतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडता गंधार ऐकू येतो ना, त्याच घराण्यातले हे स्वयंभू सूर. खालून वर मोजा: सा, मग वरचा सा, प, सा, ग, प, किंचित उतरलेला कोमल नी, सा. आठव्या सुरापर्यंत आलो. याच्या वर पायऱ्या दाटतात: रे, ग, धड शुद्धही नाही आणि तीव्रही नाही असा मध्यम, मग प. ट्रंपेटवाला दुसऱ्या ते आठव्या पायरीत संसार करतो. तिथे पायऱ्या लांब लांब आहेत, ओठ जरा हलला तरी सूर जागेवर राहतो. हॉर्नची नळी लांब, म्हणून त्याचा पायाच खूप खाली. तेव्हा गाण्याच्या पट्टीत येईपर्यंत तो आठव्या, दहाव्या, बाराव्या पायरीवर पोचलेला असतो. तिथे ओठ केसभर चुकला की शेजारचा सूर लागतो. मोठमोठ्या ऑर्केस्ट्रात हॉर्नवाल्याचा सूर फुटतो तो यामुळे. हे ओठाला आणि कानाला शिकवायला महिना पुरत नाही. मला पहिली सरळ सप्तक सलग, न फुटता लागायला आठ महिने लागले, तेही रोज पहाटे लांब सूर भरून. आणि मी काही अगदीच बेसूर माणूस नाही.

डबल हॉर्नला अंगठ्याखाली चौथा व्हॉल्व्ह असतो तोही याचसाठी. तो दाबला की वारा 2.7 मीटरच्या आखूड बाजूनं जातो आणि वरच्या पायऱ्या थोड्या सुट्या होतात.

माउथपीसचं काय? ट्रंपेटचा माउथपीस आतून वाटीसारखा, हॉर्नचा नरसाळ्यासारखा खोल उतरत गेलेला. शिवाय ट्रंपेटच्या माउथपीसची दांडी जाड, हॉर्नमध्ये ती नीट बसत नाही. मी शहाण्यासारखी कानशीनं घासून बारीक केली आणि बसवली. सहा महिने त्यावर वाजवलं. आवाज येत होता, नाही असं नाही, पण पत्र्यावर खडा टाकल्यासारखा. हॉर्नचा तो गोल, दुरून आल्यासारखा सूर नरसाळ्यातून येतो, वाटीतून नाही. ओठांची जागाही बदलते: हॉर्नवर साधारण दोन हिस्से वरचा ओठ आणि एक हिस्सा खालचा.

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा हाताचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. व्हॉल्व्ह डाव्या हाताला आहेत, उजवा भोंग्यात आहे, यामागे कारण आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला, व्हॉल्व्ह नव्हतेच तेव्हा, ड्रेस्डेनच्या हाम्पेल नावाच्या वादकानं भोंग्यात हात कमीजास्त बंद करून स्वयंभू सुरांच्या मधले सूर काढायची रीत बसवली. मोत्सार्टनं आपल्या मित्रासाठी, लॉइटगेबसाठी, हॉर्नच्या रचना लिहिल्या त्या अशाच बिनव्हॉल्व्हच्या हॉर्नवर वाजवायच्या होत्या. व्हॉल्व्ह आले, तरी हात तिथून निघाला नाही. कारण हात काढला की आवाज उघडाबोडका होतो आणि वरचे सूर हातात येईनासे होतात, निसटतात. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हात कसा ठेवायचा? ओंजळीत पाणी घेतल्यासारखा तळवा किंचित खोलगट, बोटं जुळलेली, अंगठा चिकटून. फटी ठेवायच्या नाहीत. बोटांची पाठ भोंग्याच्या भिंतीला टेकते, तळवा उघडा. तळवा जरा मिटला की सूर किंचित उतरतो, उघडला की चढतो. म्हणजे सूर जुळवायचं निम्मं काम स्लाइडवर, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवर नाही, तळव्यावर आहे.

आणि तो अधिकचा '+'! मेसेजवाला म्हणतो जोरात वाजवा. त्याचा अर्थ भोंगा हातानं पूर्ण बंद करा. जर्मन कागदावर 'गेश्टोप्फ्ट', फ्रेंचवर 'बूशे', इटालियनवर 'क्यूझो' लिहिलेलं असतं, ते हेच. मग वर छोटं शून्य आलं की हात उघडा. पूर्ण बंद केला की एफ बाजूवर, म्हणजे डबल हॉर्नच्या लांब बाजूवर, सूर अर्ध्या स्वरानं चढून येतो, म्हणून बोटं अर्ध्या स्वरानं खालची धरायची. आखूड बाजूवर हा हिशेब बसत नाही, म्हणून बंद सूर एफ बाजूवरच. आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा, करकरीत. 'कॉन सोर्दिनो' म्हणजे भोंग्यात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावणं, ते वेगळं. 'क्विव्रे' म्हणजे पितळ झणझणवणं, तेही वेगळं. गेल्या नाताळात चर्चमध्ये वाजवताना माझ्या शेजारच्या पोरानं हा मेसेज वाचून '+'ला असा काही दम लावला, की पुढच्या बाकावरच्या आजींनी मागे वळून पाहिलं.

दाबाबद्दल एवढंच: माउथपीस रेटला की ओठातलं रक्त अडतं, ओठ थरथरायचे थांबतात. एखादा सूर मिळतो, पुढचे दहा जातात. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा, आणि वारा पोटातून.

खोबरेल तेलावर मी तज्ज्ञ आहे, दुर्दैवानं. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, जानेवारी, पहाटे साडेपाचला तालमीला निघालो. आदल्या दुपारी चारही रोटरमध्ये, म्हणजे हॉर्नच्या गोल फिरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, खोबरेल सोडलं होतं, व्हॉल्व्ह कसे लोण्यासारखे फिरत होते. पहाटे पहिला व्हॉल्व्ह दाबला, तो गेला आणि परत आलाच नाही. दुसरा जागचा हललाच नाही. आईच्या न्हाणीघरातली खोबरेलची बाटली पाहिली, तर ती पांढरी, थिजलेली. खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तेच हॉर्नच्या पोटातही गोठेल, हे मात्र सुचलं नाही. मित्र म्हणाला, 'काय करलालास बे, भज्या तळायच्यात का?'

रोटर आणि त्याच्या घरातली फट केसाहून बारीक असते. आत नळीच्या वाटेनं अगदी पातळ रोटर ऑइल, वरच्या टोपीखाली आणि मागच्या दांडीवर थोडं जाडसर तेल, आणि स्लाइडला ग्रीस. तीन जागा, तीन पदार्थ. स्लाइड ओढताना तिचा व्हॉल्व्ह दाबून ठेवा, नाहीतर आत पोकळी धरते. रोटर फिरवणाऱ्या दोऱ्याचंही तसंच. सोलापूरकर म्हणून मी अभिमानानं मागावरचं सूत बांधलं. तिसऱ्या दिवशी तुटलं. मासे धरायचा विणीचा दोरा टिकतो.

राहिला उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हा मुद्दा कामाचा, आणि मेसेजनं नेमका उलटा सांगितलाय. पितळ वाढतं, खरंय. पण किती? 20 अंशांनी तापलं तर 3.7 मीटरची नळी दीड मिलिमीटरही वाढत नाही. त्यानं सुरात पडणारा फरक कानाला कळणारही नाही. खरा खेळ हवेचा. 20 अंशांना आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो, 40 अंशांना 355. हवा तापली की सूर चढतो. आपल्या श्वासानं नळी आधीच ऊबदार असते म्हणून पूर्ण फरक पडत नाही, तरी भरपूर पडतो. उलट पेटीच्या पत्त्या तापल्या की किंचित उतरतात. म्हणून मेमधल्या मांडवात पेटी आणि हॉर्न दोन दिशांना पळतात. स्लाइड बाहेर काढायची. आत ढकलली तर भांडण वाढेल.

मग 'महिन्यात येतो' हे आलं कुठून? मला वाटतं, मागच्या महिन्यात सापडलं. बाळीवेशीकडचा एक पोरगा नवा 'फ्रेंच हॉर्न' घेऊन घरी आला. विकणाऱ्यानं तेच नाव सांगितलं होतं. गोल वळसे, मागे तोंड केलेला भोंगा, सगळं तसंच. पण त्यानं व्हॉल्व्ह उजव्या हाताला धरले होते, आणि ते रोटर नव्हते, दट्ट्याचे होते. तो मेलोफोन होता. दिसायला हॉर्नचा भाऊ, नळी मात्र हॉर्नच्या निम्मी, आणि बोटं ट्रंपेटचीच. वाद्य वाईट नाही, वरातीला तर उत्तम. पोरगा ट्रंपेटवालाच. त्याला खरंच महिन्यात आला.