बरवे नोकरी करत होते

‘नोकरी सोडली आणि खरा मी सापडलो’ छापाची पोस्ट दिसली की मला हटकून चित्रकार प्रभाकर बरवे आठवतात.

बरव्यांचा जन्म १९३६चा, अलिबागजवळच्या नागावचा. १९५९ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले आणि १९६१ ते १९८२ त्यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली. म्हणजे हातमागाच्या कापडासाठी डिझाइनं करायची आणि महिन्याला सरकारी पगार घ्यायचा. एकवीस वर्षं! सुरुवातीला बनारसला होते, तर तिथे तंत्रकलेशी, म्हणजे तांत्रिक साधनेतल्या चिन्हांच्या आणि आकृत्यांच्या कलेशी, गाठ पडली. साठच्या दशकातली त्यांची चित्रं त्यातूनच आली. पोटासाठी गेलेल्या गावाने चित्रांना खाद्य दिलं.

मी पॅकेजिंग डिझायनर आहे. दिवसभर बिस्किटांचे पुडे आणि साबणाची वेष्टनं. त्यामुळे मला बरव्यांच्या चित्रांइतकंच त्यांच्या जगण्याचं कुतूहल आहे. चित्रात येतं काय, तर घड्याळ, पान, फळ, सेफ्टी पिन. रंग कुठला, तर एनॅमल. आपण दारं-खिडक्यांना देतो त्या जातीचा, गुळगुळीत, चकचकीत. रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तू, पण त्या मोकळ्या अवकाशात अशा ठेवलेल्या की घड्याळ वेळ सांगायचं सोडून भलतंच काही बोलायला लागतं. हे सुचायला हिमालयात जावं लागत नाही. टेबलावरच्या पिनेकडे जरा जास्त वेळ बघावं लागतं. आपण नेमकं तेवढंच करत नाही.

आणि डायऱ्या. बरवे वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत होते. विचार, रेखाटनं, चित्रांची जुळवाजुळव, सगळं एकत्र. १९९०मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’मधलं नितळ मराठी गद्य वाचलं की या रोजच्या लिहिण्याने काय होतं ते कळतं. (चित्रकारांना लिहिता येत नाही म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावं.) माझा मुद्दा असा की या डायऱ्यांना त्या वेळी प्रेक्षक नव्हता. आपण आज अर्धं स्केच झालं की ‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणून स्टोरीला टाकतो आणि विचार पुरा व्हायच्या आत बदाम मोजत बसतो. कुणालाही न दाखवायची एक जागा असल्याशिवाय काम मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘कोरा कॅनव्हास’ वाचल्यापासून मीही वही ठेवते. त्यात बरंचसं रटाळ असतं. दोन डब्यांमधल्या रिकाम्या जागेचा आकार, ऑफिसच्या जिन्यावर पडणारं ऊन, कुठल्यातरी रंगाबद्दलची कुरकुर. कधीतरी एखादी ओळ चित्राकडे नेते, बहुतेकदा नेत नाही.

कुणी म्हणेल, त्या काळची सरकारी नोकरी ती, संध्याकाळी सुटायची. आता रात्री अकराला क्लायंटचा मेसेज येतो. मान्य. ही तक्रार खरीच आहे आणि तिला वहीने उत्तर मिळत नाही. पण दिवसभर केलेलं डिझाइनचं काम म्हणजे ‘खऱ्या’ कलेतून चोरलेला वेळ, हा न्यूनगंड मला बरव्यांमुळे सोडता आला. आकार, रंग, मधली मोकळी जागा यांचाच तर विचार इथेही चालतो.

बरवे १९९५ साली गेले. २०१९मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र उद्घाटनाच्या भाषणावरून झालेला गदारोळ! चित्रांबद्दल कुणी फारसं बोललंच नाही. इथे कुणी ते प्रदर्शन पाहिलं असेल तर कमेंटमध्ये लिहा ना, नुसतं चित्रांबद्दल.