‘राफा’ म्हणजे गोळ्या बंद, असं कुठे लिहिलंय?

आत्याने आठ दिवस शुगरची गोळी घेतली नव्हती. विचारलं तर म्हणाली, “मेसेज वाचला नाहीस का? बायबलच्या मूळ हिब्रूत ‘राफा’, म्हणजे बरं करणं, हे क्रियापद फक्त देवालाच लागतं. मग गोळ्या घेणं म्हणजे अविश्वासच की.” शुगर निघाली 340. तोच मेसेज मला तीन ग्रुपवर येऊन गेला होता, मी वाचून सोडून दिला होता.

तर ‘फक्त देवाला’. उत्पत्ती 50:2 काढा. याकोब वारलाय, आणि योसेफ आपल्या पदरच्या वैद्यांना बापाच्या देहात मसाला भरायला सांगतो. हे वैद्य म्हणजे मूळ हिब्रूत ‘रोफइम’, याच राफाचे. मिसरी, म्हणजे इजिप्तची माणसं, आणि हातात काम मढ्याचं! आजही इस्राएलमध्ये डॉक्टरला ‘रोफे’ म्हणतात. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल ज्यू घरांत कुणालाही विचारा.

याहून पक्कं हवं तर निर्गम 21:19. दोघांची मारामारी झाली, एकाने दगड नाहीतर बुक्की मारली, दुसरा अंथरुणाला खिळला. तो काठी टेकत हिंडू लागला तर मारणारा सुटला. पण बुडालेल्या दिवसांची भरपाई त्याने द्यायची आणि ‘रप्पो येरप्पे’. तेच क्रियापद लागोपाठ दोनदा, जोर देण्यासाठी: त्याला पुरतं बरं करवायचंच. इथे बरं करवण्याची जबाबदारी सरळ माणसावर आहे. याच दोन शब्दांवरून तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चेच्या ग्रंथात (बावा कामा 85अ), म्हटलंय की वैद्याला उपचार करायची मुभा मिळाली. मेसेज लिहिणाऱ्याने निर्गमाचा 15वा अध्याय वाचला, पुढे सहा अध्याय जायला काय झालं होतं?

स्तोत्र 46:10 मधलं ‘शांत व्हा’ हेही मेसेजच्या मते राफाच. नाही. ते ‘राफा’ वेगळं, सैल सोडणं या अर्थाचं. आपल्या कानाला एकच, पण बरं करण्याच्या राफाच्या शेवटी ‘आलेफ’ हे अक्षर, सैल सोडण्याच्या राफाच्या शेवटी ‘हे’ नावाचं अक्षर. आणि कार्मेल डोंगरावर एलिया संदेष्टा मोडलेल्या वेदीची डागडुजी करतो (1 राजे 18:30), तिथे मात्र आपलंच राफा आहे. वेदीला कसला आजार?

मेसेजमधलं आसा राजाचं खरं आहे. पाय दुखत असताना तो देवाकडे न जाता वैद्यांकडे गेला, असा ठपका 2 इतिहास 16:12 मध्ये आहे. पण ठपका देवाला विसरल्याचा. निर्गम 15:26 मध्ये देव ‘मी तुला बरं करणारा’ म्हणतो, हेही मान्य. तिथला शब्द ‘रोफेखा’. म्हणजे रोफे, तुझा. देवाने स्वतःला वैद्याचाच शब्द लावून घेतलाय, आणि आपण वैद्याकडे जायचं नाही!

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला, गोळीचं पाकीट जवळ ओढलं आणि विचारलं, “त्या मारामारीत खर्च कोणी द्यायचा म्हणालास?”

“मारणाऱ्याने.”

“मग परवाच्या तपासणीचं बिल त्या मेसेजवाल्याला पाठव.”